निवारीचे गॅलिस

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळच्या इस्पितळात डोळे दाखवायच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी उभी होती. एक पोलीस शिपाई तिला शोधत आला.

“बकुळामावशी, डॉक्टरने मला फिट लिहिलं! नोकरी वाचली.”

“कंबर काय म्हणते, सीताराम?”

“गप्प आहे बिचारी. पट्ट्याचं सगळं वजन तुम्ही शिवून दिलेल्या गॅलिसांच्या पट्ट्यांनी खांद्यांवर घेतलं.”

“साहेबाला दिसले तर?”

“डगल्याच्या आत असतात ते. पट्टा अडकवायचे आकडे तेवढे बाहेर. डॉक्टर विचारत होते, ही अक्कल कोणाची?”

“अक्कल कसली, मेल्या! गिरणीत सुताच्या कांड्यांची टोपली आम्ही खांद्याला पट्टा लावूनच उचलायचो. कंबरेवर घेतली असती तर कधीच मोडले असते.”

“निवार चांगली जाड आहे. कुठून आणलीत?”

“आमच्या भिकूच्या खाटेची.”

“मावशी! तो सुटून आल्यावर झोपेल कशावर?”

“त्यालाच विचारलं, तुरुंगात भेटीला गेले तेव्हा.”

“मोर्च्यात मीच पकडलं होतं त्याला. शिव्या घातल्या असतील.”

“घातल्या की. मग म्हणाला, दे त्याला निवार, आई. मला गाडीत चढवताना त्याचा एक हात माझ्या दंडाला होता आणि दुसरा स्वतःच्या कंबरेला.”

“तो सुटेल त्या दिवशी माझी खाट तुमच्या खोलीत आणून टाकतो.”

“आणि तू?”

“मी जमिनीवर. कंबरेला तेच बरं, असं डॉक्टरच म्हणाले. सरका पुढे, तुमचा नंबर आला.”