राजीखुशीनं

ये, आत ये, उंबऱ्यावर उभी राहू नकोस, ते दार आपसूक मिटतं आणि पाठीत बसतं — हं. बघ, म्हटलं ना. त्या स्टुलावर बस. ते नव्हे, ते डुगडुगतं — सुताराच्या बायकोचं स्टूल आणि डुगडुगतं, हसतेस काय, सगळीकडं असंच असतं. मला बोलवायला धाडलंय ना तुला? माहितीये. आणि तुलाच का, तेही माहितीये. जे पोर गोलात तोंड उघडत नाही त्याला हे लोक काम देतात, म्हणजे त्याला आपलेपणा वाटतो म्हणे. मला सगळं ऐकू येतं इथं — ते भिंतीतलं चौकोनी भोक बघ, ही शाळा व्हायच्या आधी इथं बटणांचा कारखाना होता, माल त्यातनं वर चढवायचे. आता माल खाली येतो. वरचं शिंकलेलंसुद्धा माझ्या पातेल्यात पडतं. तुझ्या हातात ते लाकडाचं अंडं आलं तेव्हा तू गप्पच होतीस. थोरली ताई म्हणाली, गप्प राहणंही चालेल, हजर आहेस हेच पुष्कळ. मग पुढं दिलंस. शहाणी आहेस. बोलून काय होतं ते मी तुला सांगते, पण आधी तो चाकू घे. आणि हे घे, सोल बटाटे. नुसतं बसून ऐकणारं माणूस मला चालत नाही.

येते ना! ओरडू नका म्हणावं! — बघ, भोकातनं हाका मारतात. हात ओले आहेत, भात चढवायचाय, येते. गोल काय पळून जातोय? नाही, पळत नाही, तिथंच तर सगळी गोम आहे. तुला नीट सांगितलं का कुणी? नाहीच सांगितलं, इथं सांगत नाहीत, समजून घ्यायचं असतं. वर्षाचा पहिला दिवस म्हणजे सगळ्यांनी वर मांडी घालून गोल बसायचं. पोरं, शिकवणारे ताया-दादा, थोरली ताई — शाळा तिनं काढली, तिचंच घर विकून काढली, बाई वाईट नाही हे आधी सांगते — आणि मी, आणि आमचे मिस्त्री. आमचे म्हणजे माझा नवरा. ते लाकडी अंडं त्यांनीच केलंय, शिसवाचं, दरवर्षी तेल पाजून पुसतात, स्वतःच्या लेकराला कुणी एवढं पुसलं नसेल. ते अंडं हातोहात फिरतं. ज्याच्या हातात अंडं त्यानं म्हणायचं, मी माझ्या राजीखुशीनं इथं आहे. नसेल तर नाही म्हणायचं, दार उघडं आहे, कुणी अडवणार नाही. सगळ्यांचं झालं की गोल पुरा, आणि गोल पुरा झाला की वर्ष सुरू. एक माणूस राहिलं तरी वर्ष अडून बसतं. आता कोण राहिलंय? मी. वर्ष माझ्यापाशी अडलंय, बघ माझा रुबाब! चौथी शिकलेली बाई, आणि दहावीचे वर्ग खोळंबलेत.

साल एवढं जाड काढू नकोस गं. आईनं शिकवलं नाही का — बरं, बरं, नाही विचारत. बापानं सोडलं ना तुला सकाळी? खिडकीतनं पाहिलं मी. दप्तर हातात दिलं, डोक्यावर थापटलं आणि तू वळायच्या आत गाडी सुरू. म्हणजे मग तुझी कसली राजीखुशी? आधीच्या शाळेनं काढलं, त्याच्या आधीच्या शाळेनं काढलं, ही शेवटची, असंच ना? इथं येणारी सगळी पोरं तशीच येतात. कुणी बाकं फोडलीत, कुणी वर्गात पाऊलच टाकलं नाही, एकजण तर वर्षभर टेबलाखाली बसायचा, मी त्याला खालीच ताट सरकवायची. आणि मग पहिल्या दिवशी त्यांना गोलात बसवून विचारायचं, बाळा, राजीखुशीनं आलास ना? काय सांगणार ते बाळ! हो म्हणतं. सगळी हो म्हणतात. मला हसू येतं आणि मग येत नाही.

मी? मीही म्हणत आले. मिस्त्रींच्या शेजारी बसून. ते आधी म्हणतात, अंडं माझ्याकडं देतात, मग मी. त्यांचं ऐकलंस ना सकाळी? कसा आवाज काढतात! छाती फुगवून. त्यांना हौस आहे, त्यांना इथं सोनं सापडलंय. आधी कुठंच टिकले नाहीत बघ — हात सोन्याचा, जीभ करवतीची. मालकाला म्हणायचं, तुम्हाला लाकडातलं कळतं का? झालं, दुसऱ्या दिवशी पेटी उचलून घरी. मी चार घरची भांडी घासायची आणि हे ओट्यावर बसून मालकांना शिव्या घालायचे. मग थोरली ताई भेटली. ताईनं ह्यांची जीभ ऐकली आणि म्हणाली, आमच्या मुलांना असाच माणूस हवा. असाच! म्हणजे जे मला जन्मभर नडलं ते तिनं हौसेनं उचललं. आता मागं त्यांची कार्यशाळा आहे, पोरं भोवती गोळा करून बसतात, मिस्त्रीदादा हे कसं, मिस्त्रीदादा ते कसं. जे पोर कुणाशी बोलत नाही ते रंधा मारताना ह्यांच्याशी बोलतं. खोटं कशाला सांगू, तुझंही होईल तसं. चांगला माणूस आहे. चांगला झालाय. म्हणूनच तर — तो मिठाचा डबा दे, भात टाकते.

आणि मी कशी आले? अगं, नवऱ्याबरोबर येते तशी आले. मागची खोली राहायला, आणि मावशी स्वयंपाक बघेल. बघेल! कुणी विचारलं नाही, मावशी बघेल. पानं उचलते, पाव भाजते, भिंतीवरचे रंग घासते — इथं पोरांना भिंतीवर व्यक्त व्हायचं असतं, पुसायचं मावशीनं असतं.

नाही, तक्रार नाही करत. तू विचारलंस म्हणून. नाही विचारलंस? मग तसं बघतेस कशाला?

गेल्या वर्षीची गंमत सांगते, ऐक. गेल्या वर्षी मी नाही म्हटलं. खरंच. अंडं हातात आलं, ऊब होती त्याला, ह्यांच्या हाताची, आणि माझ्या तोंडातनं निघालं — मला नाही राहायचं इथं. ठरवलं वगैरे काही नव्हतं. निघालं. मला वाटलं, झालं, आता काहीतरी फुटणार. काय झालं असेल? — सांग ना. — बोटं हलवली त्यांनी! इथं टाळ्या नसतात, टाळी म्हणजे शाबासकी आणि शाबासकी म्हणजे दडपण, म्हणून दोन्ही हात वर करून बोटं हलवतात, पाहिलंस ना सकाळी? तशी. सगळ्यांनी. लहान-मोठी सगळी, शेवाळ हललं जणू. थोरल्या ताईच्या डोळ्यांत पाणी. उठून मला मिठी मारली, म्हणाली, मावशी, हे म्हणायला किती धैर्य लागतं, तुम्ही आज आम्हाला सगळ्यांना शिकवलंत. गणिताचा दादा रडला — तो रडतोच. आणि मग अंडं पुढं गेलं. पुढं गेलं गं! माझ्या शेजारच्या पोरानं घेतलं आणि म्हणाला, मी राजीखुशीनं इथं आहे. गोल पुरा. वर्ष सुरू. आणि खाली आले तर तोच गणिताचा दादा, डोळे अजून लाल, दारात उभा — मावशी, आज जेवायला काय?

बटाटेच केले. दुसरं काय करणार! एवढी तोंडं वासून बसलेली.

संध्याकाळी हे म्हणाले, छान बोललीस. छान बोललीस म्हणे! मला असं बोलता येत नाही, मी आपला तेच तेच म्हणतो. आणि पाय पसरून झोपले. मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहिले. त्याला खरंच वाटलं, मी बोलले. म्हणजे मनातलं खरं सांगितलं असं नाही, नुसतं छान बोलले. पाठ म्हटल्यासारखं. त्या दिवशी मला कळलं, की ज्या घरात नाही म्हणायची मुभा असते ना, तिथं नाही म्हणून काही होत नाही. माझा बाप म्हणायचा, खबरदार नाही म्हणशील तर! त्याला निदान ऐकू यायचं.

काय बघतेस? कुठं? ती पिशवी? काही नाही, जुने कपडे आहेत, पोत्यामागनं पुढं आलेत. — बरं, बरं, एवढी टक लावू नकोस. माझी आहे. धाकट्या बहिणीचं कपडे धुवायचं दुकान आहे, दुसऱ्या गावात. मशिनं आहेत, पोरी आहेत कामाला, मला नुसतं पुढं बसायचंय. खुर्चीवर. पंख्याखाली. कुणी कपडे न्यायला आलं की मान न उचलता म्हणायचं, झाले नाहीत, उद्या या. एवढंच. मला कुणाला तरी एकदा 'उद्या या' म्हणायचंय गं! इथं मी जन्मात म्हटलं नाही. भूक काय उद्या येते?

यंदा ठरवून ठेवलं होतं. बोलायचं नाही, गोलात बसायचंच नाही. ते सगळे वर गेले की ह्या मागच्या दारानं निघायचं. कोपऱ्यावर बस मिळते. अडवायला कुणी नाही, सगळे वर मांडी घालून बसलेले. मग गेले का नाही म्हणतेस? अगं, निघालेच होते, पायात चपला आहेत बघ. मग म्हटलं, पहिला दिवस, नवी पोरं उपाशी बसतील, भात तेवढा चढवून जावं. भात म्हटलं तर बटाटे नकोत? बटाटे धुतले. मग म्हटलं, कांदा चिरून ठेवावा, ह्यांना कुणाला चिरता येत नाही, बोटं कापतील. आणि मग तू आलीस. तू आलीस म्हणून राहिले, नाहीतर एव्हाना — नाही. तुझ्यावर कशाला ढकलू. पहाटेपासून हे मागचं दार माझ्यासमोर उघडं आहे. कुलूप असतं ना, तर मी कधीच मोडलं असतं, मी तशी बाई आहे, विचार कुणालाही. उघड्या दाराचं काय मोडायचं?

आणि ते वर बसलेत, बाजूची जागा हातानं राखून. माझ्या जागेवर कुणाला बसू देत नसतील. त्यांना सोडून गेले तर ते इथं राहतील, आणि खूश राहतील, आणि दरवर्षी म्हणतील राजीखुशीनं — ते मला सोसेल. पण ते माझ्या मागनं आले तर? पेटी उचलून आले तर? पुन्हा तोच ओटा, त्याच शिव्या. माणूस पंधरा दिवसांत वाळून जाईल. हे कुणाला सांगू? तुला सांगतेय, कारण तू बोलत नाहीस. तुला काय वाटतं, जाऊ? मान हलव नुसती. हो की नाही? — अशी नको, नीट हलव. हां.

हो म्हणतेस.

मग कांदा राहू दे. तो भाताचा गॅस बारीक कर, पाणी आटलं की बंद करायचा, एवढं येईल ना? पिशवी दे इकडे. आणि वर जाऊन सांग — काही नको सांगूस, नुसती बस. तेवढ्यात मी —

थांब. वर काय वाजलं? उठतायत की काय सगळे? ऐक, ऐक, ताईचा आवाज... मावशीला येता येत नसेल तर गोल मावशीकडं जाईल. अगं आई गं! इथं? स्वयंपाकघरात? जिन्यात आलेसुद्धा, पाय ऐक, म्हशी उतरल्यासारखे. टाक ती पिशवी, पोत्यामागं ढकल, पायानं ढकल! बाजूला हो, मला जाऊ —

या. या ना, ताई. अहो, या. राग कसला, हात ओले होते नुसते. हळू रे, सालं पडलीत, घसराल. ए, गॅसपासून लांब! कशाला एवढी तसदी, मी येतच होते. हो, बसते की. ए पोरांनो, तिकडं दाटी करू नका, त्या मागच्या दारापाशी, तिथं वारा — बरं. बसा. बसलातच तर बसा, दार लावून घ्या.

मिस्त्री, तुम्ही कशाला पुन्हा अंडं धरलंय? म्हणायचंय? म्हणा.

...

बघ गं, बघ ते तोंड. लग्नात एवढा हसला नव्हता हा माणूस.

आणा इकडं. हो, ओलेच हात आहेत, पुसा नंतर. हो, ताई, ऐकताय ना सगळे? सबंध म्हणते. मी माझ्या राजीखुशीनं इथं आहे. झालं? झाला गोल पुरा? बोटं खाली करा, डोळ्यात जातील कुणाच्या. उठा आता, उठा, हे स्वयंपाकघर आहे, भात खाली लागेल. मिस्त्री, तुम्हीसुद्धा. — आणि तू गं, अशी बघू नकोस माझ्याकडं. ठेव तो चाकू. जा वर. वर्ष सुरू झालं.