बांगडी चढल्यावर

आमचं मूळ गडहिंग्लजकडचं, आमी कासार. लग्न होऊन मी हुबळीला आले, दुर्गदबैलाच्या बाजारात सासऱ्यांचं बांगड्यांचं दुकान. मालक लौकर गेले, सुमा माझी तवा पाळण्यात. धाकटे दीर, त्यांना सगळा बाजार अण्णा म्हणतो, त्यांनी लग्न केलं न्हाई, आमा दोघींना सांभाळलं, सुमाला शिकवलं. आता ती नवनगरात असते, बँकेत हाय. काय सांगू तुमाला, अण्णा नसते तर आमी रस्त्यावर आलो असतो.

तर मागं सुमा आली आणि मोबाईल म्होरं धरला. कुणा पोरीनं कन्नडात लिवलेलं, नाव न्हाई गाव न्हाई. दुर्गदबैलातलं जुनं बांगडीचं दुकान, म्हातारा माणूस, बांगडी चढल्यावरबी हात सोडला न्हाई, तळव्यावर अंगठा फिरवत राहिला, मला तिथनं उठता येईना. खाली कोण त्या म्हाताऱ्याला शिव्या घालतंय, कोण त्या पोरीला. दुकानाचं नाव न्हवतं. बाजारात आमचं एकटंच दुकान हाय का? आरसा डावीकडं म्हणून लिवलंय, आमचा उजवीकडं. मला जरा बरं वाटलं. पण मग वाटलं, घाबरलेली पोरगी आरसा कुठं हाय ते बघत बसंल व्हय?

आमचा धंदाच हात धरायचा. साबण लावून हात दाबल्याबिगार काचेची बांगडी चढत न्हाई, चढली की फिरवून बघायची, कुठं टोचती का. पण ते मनगटाशी. तळव्याशी आमचं काम न्हाई. उगाच रचणारीला हे कसं सुचंल, हेच मला कळंना.

सुमा म्हणाली, काका मला ल्हानपणापासनं बांगड्या भरतात, तसले न्हाईत. आणि लगेच म्हणाली, पण आई, असं उगाच कोण लिवतं गं? दोन्ही तीच म्हणाली.

अण्णांना कळलंच. दुपारी जेवताना ताट सारलं आणि म्हणाले,

"वैनी, तुमाला काय वाटतं?"

मी काय सांगू? सगळ्या हुबळीच्या बायकांचे हात त्यांच्या हातात गेले, माझा तेवढा न्हाई. मालक गेल्यापासनं माझा हात मोकळा. एका घरात जन्म गेला, पण त्यांचा हात कसा हाय ते मलाच ठावं न्हाई. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, मी हात म्होरं केला. म्हटलं, भरा. त्यांनी बघितलं, आणि आपला हात मांडीखाली घेतला. नको वैनी म्हणाले. विधवेला बांगड्या भरायच्या म्हणून भ्याले, का दुसऱ्या कशाला, मी इचारलं न्हाई.

आता दुकानात हात मी धरते, अण्णा मागं बसून बांगड्यांचे डझन बांधतात. विधवेच्या हातनं नको म्हणून काही जणी परत जातात, जाऊ देत. पोरगी बसली की बांगडी चढवते आणि हात लगेच सोडते, टोचती का ते तिलाच बघायला सांगते. हीच असंल का ती, असं परत्येकीकडं बघून वाटतं. उठताना पाया पडतात, आशीर्वाद तर द्यायलाच पायजे. जिनं लिवलं तिचं भलं होऊ दे म्हणते, अण्णांचंबी भलं होऊ दे म्हणते. दोन्ही एकदम कसं व्हायचं, ते मला कळंना बघा.