दाजींची बोथट तलवार

आमच्या दाजींना तुम्ही कुठंही न्या राव, फक्त कोर्टात नेऊ नका.

चिखलीत त्यांचं हत्यारांना धार लावायचं वर्कशॉप आहे. खंडेनवमीला त्यांनी मशिनींसोबत घरातली जुनी तलवारही पुजली आणि फोटो स्टेटसला टाकला. झालं! पोलीस आले, केस उभी राहिली आणि बेकायदा शस्त्र बाळगल्याची शिक्षाही झाली. मग आम्ही सेशन कोर्टात अपील केलं.

वकिलांनी झकास मुद्दा काढला. "साहेब, ही शोभेची तलवार आहे. इतकी बोथट, की काकडीसुद्धा कापणार नाही."

जजसाहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो!

तेवढ्यात दाजी उभे राहिले. कान लालबुंद.

"साहेब, शिक्षा द्या, पण बोथट म्हणायचं न्हाई! पूजेच्या आदल्या दिवशी मी सोता धार लावलीय. आमच्या वर्कशॉपातनं बोथट काय बाहेर पडत न्हाई!"

अपील फेटाळलं. तुरुंगात हजर व्हायला पंधरा दिवस मिळाले.

बाहेर आल्यावर वकिलांनी दाजींना बाजूला घेतलं. मग हळूच म्हणाले, "भाऊ, पंधरा दिवस आहेत तर आमच्या घरची विळी आणून देऊ का?"