बक्षिसाच्या दिवशीची झाडलोट

पंधरा ऑगस्टची सकाळ. तामसीहून आदिलाबादला निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर नवरा-बायको. ती ग्रामपंचायतीची सफाई कामगार, उत्तम सेवेचं बक्षीस घ्यायला निघालेली. ती एकदम उठून उभी राहिली.

"उतरतो मी. चौकात आज झेंडा चढते, अन् झाडलंच नाही. कोन्या तोंडानं बक्षीस घेऊ?"

"बस चंदा. मी झाडलं."

"तुमी? कवा?"

"पहाटेच. तू झोपली होती तवा."

"लोकायनं पाह्यलं?"

"पाह्यलं. हासलेबी."

"कोपरे काढले का?"

"काढले. कंबर गेली माही. तुही रोज अशीच दुखते का वं?"

"रोज."

"कवा बोलली नाही."

"तुमी कवा इचारलं?"



"आज सगळ्यायपेक्षा जोरात टाळ्या मी वाजवतो."

"अन् कंबर?"

"टाळ्या का कंबरेनं वाजवतेत?"