एका टबातले लिफ्टर

कैरोतल्या गॅरेजमध्ये नागवा नावाची एक बाई, इंजिनातून आवाज येतो म्हणून, गाडी दाखवायला थांबली होती. तिच्यासमोर टॅक्सीवाले हाजी शौकी आणि मेकॅनिक बिशारा, म्हणजे सगळ्यांचा 'उस्ता', यांची जुंपली होती.

"उस्ता, माझ्या इंजिनाचे व्हॉल्व्ह उचलणारे लिफ्टर कुठायत?"

"रॉकेलच्या टबात. धुऊन लख्ख केलेत, हाजी."

"सगळे एकत्र? वा! कुठला कुठे बसायचा, ते आता तेच सांगणार का?"

"सगळे सारखेच असतात हो."

"असतील ना! इतकी वर्षं प्रत्येक जण आपापल्या कॅमवर घासून त्याच्याच मापाने झिजला, तुमच्या टबात शिरला आणि सारखा झाला!"

"बूड सपाट असलं की चालतं."

"हे सपाट? या खळग्यात चहा पिता येईल."

"मग नवे मागवतो."

"मागवा, सावकाश मागवा. तोवर प्रवाशांना मी पाठुंगळी नेतो."

बिशारा नागवाकडे वळला.

"बोला मॅडम, इंजिनातून कसला आवाज येतोय?"

"येत होता, उस्ता. तुमचं बोलणं ऐकलं आणि आपोआप बंद झाला."