माशांसाठी कापूस

यवतमाळहून मारेगावला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक पंक्चरवाले आणि तांड्यावरचे एक शेतकरी बसले होते. मी वर्तमानपत्र उघडं धरलं होतं, पण वाचणं शक्य नव्हतं.

“पूनमसिंगभाऊ, एंजलनं अंडे देल्ले.”

“कोन एंजल, नजीरभाई?”

“मासा हो, काचेच्या टाकीतला. पानावर मोत्यावानी अंडे, अन् नवरा-बायको दोघंही पंख हलवून वारा घालून राह्यले.”

“अन् लाइट गेल्यावर हवा?”

“ट्रकची ट्यूब फुगवतो, तिले सलाईनची नळी लावतो. लाइट येईपर्यंत बुडबुडे चालूच.”

“मंग आज यवतमाळले कायले गेलते?”

“फिल्टरातला कापूस काळा पडला. आज बदलला नाही तं पानी सडते, अंडे जाते. सारा बाजार फिरलो, माशाचा कापूस भेटला नाही.”

“मेडिकलचा घ्या.”

“त्याचा लगदा होते.”

“अरे, माह्या घरात छतापर्यंत कापूस हाय. पोतंभर घेऊन जा.”

“फवारलेला?”

“मंग? पाच खेपा. एक अळी दिसत नाही.”

“नको भाऊ. मासे मरतीन. लय नाजूक जात हाय.”

“थांबा. माह्या याडीची गादी हाय, बापाच्या वख्ताची. तवा फवाराच नव्हता. उसवून देतो तुमाले.”

“अन् तुमची म्हातारी माय कायच्यावर झोपन?”

“तिच्या गादीत यंदाचा भरतो. ती काय मासा हाय?”