घाट कवा यायचा?

तुम्ही हसाल, पण गाडी दुरुस्त केली म्हणून मी घरात बोलणी खाल्ली आहेत. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी गाडी वर्धनगडच्या घाटात हमखास बंद पडायची. शेवटी सांगलीच्या मिस्त्रीकडून मी मोठा कार्बोरेटर आणि त्याला इंजिनाशी जोडणारा नवा मॅनिफोल्ड बसवून घेतला आणि दादा-आईला घेऊन वडूजहून साताऱ्याला निघालो. गाडी घाट सरसर चढली.

बऱ्याच वेळानं दादांनी विचारलं, "घाट कवा यायचा रं?"

"मागं गेला की, दादा."

"गेला कसा? आपण थांबलोच न्हाई. तू रस्ता चुकलास."

ते इतक्या ठामपणे बोलले की मलाही क्षणभर शंका आली. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "आन् मग आता चहा कुठं प्यायचा?" थर्मास तिच्या मांडीवर तसाच होता.

काय करणार? गाडी वळवली, घाटातल्या त्यांच्या नेहमीच्या वळणावर आणली आणि चावी फिरवून बंद केली. आईनं चहा ओतला. दादांनी सवयीनं बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिले. हात घालावा असं काहीच नव्हतं.

"चांगली गाडी हुती," ते म्हणाले. "कशाला बिघडवलीस?"